कात्रीवाले अर्थमंत्री : स्लायगोचे रे मॅकशॅरी आणि १९८७ चे आयर्लंड

आयर्लंडच्या राजकारणातला आपल्या ओळखीचा माणूस कोण, असे विचारले तर आपल्या घराघरांतून एकच नाव येईल : लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचे हे चिरंजीव २०१७ मध्ये या देशाचे टीशक, म्हणजे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या अखेरीस वडिलांच्या गावी जाऊनही आले. त्यांचे कौतुक आपण पुष्कळ केले, आणि ते योग्यच होते. पण ज्या स्लायगोत आपण राहतो, मुलांना वाढवतो, त्या गावचा एक माणूस वराडकरांच्या तीस वर्षे आधी या देशाची तिजोरी सांभाळत होता. देश कर्जात बुडालेला, तरुण मुले बोटी आणि विमाने भरून परदेशी चाललेली, अशा वेळी त्याच्या हाती हिशेबाची वही आली. त्याचे नाव रे मॅकशॅरी. इथल्या जुन्या शेजाऱ्यांकडे हे नाव काढून पाहा. कोणी आदराने बोलेल, कोणी कपाळाला आठ्या घालील. असे का, ते समजावे म्हणून हा लेख.

रिकामी होत गेलेली भूमी

आज स्लायगो परगण्याची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे. १८४१ च्या शिरगणतीत ती सुमारे एक लाख ऐंशी हजार होती. मधल्या काळात काय झाले हे आपल्या बंदरावरचे दुष्काळाचे स्मारक पाहिलेल्यांना सांगायला नको. बटाट्याच्या पिकावर करपा पडला, १८४५ ते १८४९ या काळात लाखो माणसे दगावली, लाखो देश सोडून गेली. इथले मोठे जमीनदार लॉर्ड पामर्स्टन, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, त्यांनी १८४७ साली आपली सुमारे दोन हजार कुळे जहाजांत घालून कॅनडाला रवाना केली. ती माणसे उतरली तेव्हा त्यांच्या अंगावर धड कपडेही नव्हते, अशी तक्रार तिकडच्या अधिकाऱ्यांनी केली होती.

१९२२ साली स्वराज्य आले, पण माणसे जायची थांबली नाहीत. आज ज्याला आपण आयर्लंडचे प्रजासत्ताक म्हणतो तेवढ्या भूभागात १८४१ मध्ये ६५ लाख लोक होते. १९६१ मध्ये २८ लाख उरले. एकट्या १९५० च्या दशकात चार लाख लोक निघून गेले. परकी माल येऊ नये म्हणून जकातीच्या भिंती उभारलेल्या, भिंतीआड छोटे कारखाने, शेतीमाल विकायला एकटे ब्रिटन. वसाहतीच्या जोखडातून सुटलेल्या अनेक गरीब देशांची जी स्थिती होती तीच युरोपच्या या टोकावरच्या देशाची होती.

या कोंडीतून पहिली वाट काढली ती दोघांनी. एक टी. के. व्हिटेकर, वयाच्या ३९ व्या वर्षी अर्थखात्याचे सचिव झालेले सनदी अधिकारी. त्यांनी १९५८ साली देशाच्या अर्थव्यवस्थेचा जो अभ्यास मांडला त्यात रोखठोक म्हटले की या मार्गाने देश टिकणार नाही. दारे उघडा, परकी भांडवल येऊ द्या, निर्यातीसाठी माल काढा. दुसरे शॉन लेमास, १९५९ मध्ये टीशक झालेले. गंमत अशी की जकातीच्या भिंती १९३० च्या दशकात उद्योगमंत्री म्हणून लेमास यांनीच बांधल्या होत्या, आणि त्या पाडायचे धाडसही त्यांनीच केले. १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार झाला. १९६६ मध्ये शिक्षणमंत्री डोना ओ'मॅली यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली. १९७३ मध्ये देश युरोपीय समुदायात गेला. स्लायगोतले तंत्रमहाविद्यालय १९७० चे. आज आपली मुले ज्या अटलांटिक तंत्रज्ञान विद्यापीठात जातात त्याचे मूळ तेच.

ऋण काढून सण

इथवर सगळे ठीक चालले होते. मग १९७७ ची निवडणूक आली. फिएना फॉल पक्षाने मतदारांना वचन दिले की घरपट्टी रद्द करू आणि मोटारीवरचा करही काढून टाकू. लोकांनी १४८ पैकी ८४ जागा देऊन टाकल्या. वचने पाळली गेली, पण गेलेल्या उत्पन्नाची भरपाई कर्ज काढून झाली. त्यातच १९७९ मध्ये तेलाचे भाव पुन्हा भडकले. १९८१ मध्ये महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला. पगारातून कर कापला जाणारे लाखो नोकरदार रस्त्यावर उतरले. सगळा भार आमच्याच माथी का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

१९८१ चा जून ते १९८२ चा नोव्हेंबर, या अठरा महिन्यांत तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यातले एक सरकार तर अंदाजपत्रकावरच पडले. लहान मुलांच्या बुटांवर विक्रीकर लावण्याचा प्रस्ताव त्यात होता. कर वाढवावा तर सरकार पडते, खर्च कापावा तरी पडते, म्हणून पुन्हा कर्ज. गॅरेट फिट्झजेराल्ड यांचे आघाडी सरकार १९८२ च्या डिसेंबरपासून चार वर्षे टिकले, पण खर्च किती कापायचा यावर आघाडीतच एकमत होईना. शेवटी जानेवारी १९८७ मध्ये लेबर पक्ष बाहेर पडला. तोवर सरकारी कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा मोठे झाले होते आणि काम मागणाऱ्या शंभरातल्या सतरा जणांना काम नव्हते.

स्लायगोलाही झळ बसली. लॉक गिलच्या काठी हेझलवुडच्या जुन्या हवेलीच्या आवारात स्निया या इटालियन कंपनीने नायलॉनचा धागा काढण्याचा मोठा कारखाना घातला होता. तो १९८३ मध्ये बंद पडला. आवारात फिरायला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ती प्रचंड शेड पाहिली असेल.

गुरांच्या बाजारातून अर्थखात्यात

रे मॅकशॅरी यांचा जन्म १९३८ साली स्लायगोत झाला, शिक्षण इथल्याच समरहिल महाविद्यालयात. अर्थशास्त्राची पदवी वगैरे काही नाही. आधी गुरांचा व्यापार, ज्याला आपल्याकडे हेड्या म्हणतात तसला, आणि पुढे मालमोटारींचा धंदा. १९६७ मध्ये ते स्थानिक कौन्सिलवर निवडून आले, १९६९ मध्ये स्लायगो-लीट्रिम मतदारसंघातून डॉलमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत गेले. शेतकीमंत्री झाले, १९८२ मध्ये काही महिने उपपंतप्रधान आणि अर्थमंत्रीही झाले. पुढच्या वर्षी, एका सहकाऱ्याशी झालेले बोलणे गुपचूप ध्वनिमुद्रित केल्याचे उघड झाल्याने त्यांना पक्षाच्या पुढच्या बाकावरून उठावे लागले. १९८४ मध्ये ते युरोपीय संसदेत गेले. म्हणजे माणूस धुतल्या तांदळासारखा होता असे नाही.

फेब्रुवारी १९८७ च्या निवडणुकीत फिएना फॉलने फलक लावले होते की आरोग्यसेवेवर कात्री चालवली तर ती म्हातारे, आजारी आणि अपंग यांनाच लागते. पक्षाला १६६ पैकी ८१ जागा मिळाल्या, बहुमताला थोड्या कमी. १० मार्च रोजी चार्ल्स हॉही सभापतींच्या एका मताने टीशक झाले. त्यांनी अर्थखाते मॅकशॅरींना दिले, आणि ३१ मार्चला आलेल्या अंदाजपत्रकात मतदारांनी पाहिले की ज्या कात्रीविरुद्ध मते मागितली तीच कात्री अधिक धार लावून बाहेर आली आहे. आधीच्या सरकारला जेवढे कापायचे होते त्याहून जास्त कापले गेले.

मॅकशॅरींची रीत सरळ होती. प्रत्येक खात्याने खर्चाची यादी आणायची आणि प्रत्येक कलमाचे समर्थन करायचे. समर्थन पटले नाही की कलम गेले. सरकारी नोकरभरती थांबवली. वेळेआधी निवृत्ती घेणाऱ्यांना पैसे देऊन घरी पाठवले. काही सरकारी संस्था बंद केल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना 'मॅक द नाइफ', सुरीवाला मॅक, असे नाव ठेवले. मराठी वर्तमानपत्रांनी 'कात्रीवाले अर्थमंत्री' म्हटले असते.

१९८८ मध्ये त्यांनी दुसराही एक डाव टाकला. थकलेला कर ठरावीक मुदतीत भरा, दंड-व्याज माफ, असे जाहीर केले. तीन कोटी पौंड येतील असा अंदाज होता. आले पन्नास कोटी. सरकारची उसनवारी झपाट्याने खाली आली, व्याजाचे दर उतरले, धंदेवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

विरोधकांचा टेकू

आता या गोष्टीतला महत्त्वाचा भाग. अल्पमतातले सरकार असे निर्णय घेऊन टिकले कसे?

त्याचे एक कारण अ‍ॅलन ड्यूक्स. फिट्झजेराल्ड यांच्यानंतर ते फिन गेल या मुख्य विरोधी पक्षाचे नेते झाले. ते स्वतः माजी अर्थमंत्री, त्यामुळे वहीत काय आहे ते त्यांना ठाऊक होते. २ सप्टेंबर १९८७ रोजी डब्लिनजवळच्या टाला इथे व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी जाहीर केले की सरकार योग्य दिशेने जात असेल तोवर केवळ पाडायचे म्हणून आम्ही त्याला पाडणार नाही. सरकार पाडणे त्यांच्या हातात होते. त्यांनी तो हात आवरला.

दुसरे कारण कामगार संघटना. ऑक्टोबर १९८७ मध्ये सरकार, मालक, शेतकरी आणि संघटना यांनी मिळून तीन वर्षांचा राष्ट्रीय सुधारणेचा करार केला. पगारवाढ वर्षाला सुमारे अडीच टक्क्यांवर थांबवायची, बदल्यात आयकर कमी व्हायचा आणि गरिबांच्या भत्त्यांची किंमत टिकवायची. हे घडवून आणण्यात कामगारमंत्री बर्टी अहर्न यांचा मोठा वाटा होता. ते पुढे टीशक झाले.

तिसरे कारण नशीब म्हणा किंवा पूर्वपुण्याई. ब्रिटनचा बाजार त्या सुमारास तेजीत होता. १९८९ पासून युरोपीय समुदायाने मागास भागांसाठी दिला जाणारा निधी दुप्पट केला. मोफत माध्यमिक शिक्षणातून बाहेर पडलेली इंग्रजी बोलणारी पिढी तयार होती आणि कारखान्यांना फक्त दहा टक्के कर होता. १९८९ मध्ये इंटेलने लीक्सलिपची निवड केली ती उगाच नव्हे. म्हणून 'एका कणखर नेत्याने देश तारला' असे जे सोपे वाक्य आपण कुठल्याही देशाबद्दल बोलतो, ते इथे बसत नाही. कात्री एकाने चालवली. पण ज्यांना ती हिसकावून घेता आली असती त्यांनी हिसकावली नाही, आणि ज्या पिढीने मोफत शाळा काढल्या तिने दोन दशके आधीच पेरून ठेवले होते.

ड्यूक्स यांना याचे फळ काय मिळाले? नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना नेतेपदावरून दूर केले.

किंमत कोणी मोजली

कात्री कापडाला लागते तशी माणसालाही लागते. हजारो रुग्णखाटा बंद झाल्या. लिमरिकचे बॅरिंग्टन रुग्णालय १९८८ मध्ये बंद झाले. शाळांत एका शिक्षकामागे मुलांची संख्या वाढवण्याचे परिपत्रक निघाले. पालक आणि शिक्षक रस्त्यावर आले तेव्हा ते सौम्य करावे लागले. रॉसकॉमनमध्ये लोकांनी रुग्णालय वाचवण्यासाठी उभा राहिलेला टॉम फॉक्स हा अपक्ष उमेदवार १९८९ मध्ये निवडून दिला. त्याच निवडणुकीत हॉहींच्या जागा घटल्या आणि फिएना फॉलला इतिहासात प्रथमच दुसऱ्या पक्षाशी आघाडी करावी लागली.

रोजगारही लगेच आला नाही. १९८९ च्या एप्रिलपर्यंतच्या एका वर्षात सुमारे ४४ हजार माणसांची निव्वळ गळती झाली. परराष्ट्रमंत्री ब्रायन लेनिहन यांनी एका अमेरिकन साप्ताहिकाला सांगितले की शेवटी एवढ्याशा बेटावर सगळेच काही राहू शकत नाहीत. ज्या आईबापांची मुले न्यूयॉर्कमध्ये विनापरवाना बांधकामावर राबत होती त्यांच्या हे काळजात घुसले. अमेरिकन काँग्रेसमधल्या डॉनेली आणि मॉरिसन यांच्या नावाने निघालेल्या व्हिसांनी पुढे त्यांतल्या पुष्कळांना कागदपत्रे मिळाली. व्हिसाच्या रांगेचा अर्थ काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

बेकारी चार टक्क्यांपर्यंत उतरायला २००० साल उजाडले. म्हणजे १९८७ मध्ये ज्या वीस वर्षांच्या मुलाची नोकरी गेली त्याची उमेदीची वर्षे या सावरण्याच्या काळातच गेली. आकडे सुधारले त्या दिवशी तो बहुधा बॉस्टनमध्ये होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान

एक गोष्ट लोकांनी अजून माफ केलेली नाही. जानेवारी १९८० मध्ये हॉही दूरदर्शनवर येऊन म्हणाले होते की आपण सगळे ऐपतीबाहेर जगत आहोत. त्याच वेळी त्यांच्यावर एका बँकेचे दहा लाखांहून जास्त पौंडांचे कर्ज थकले होते, आणि ते बऱ्याच सवलतीने मिटवले गेले. १९९७ च्या चौकशीत उघड झाले की बेन डन या दुकानदार उद्योगपतीने त्यांना तेरा लाख पौंड दिले होते. २००६ च्या चौकशी अहवालाने १९७९ ते १९९६ या काळात त्यांना मिळालेल्या रकमांची बेरीज एक्क्याण्णव लाख पौंडांच्या घरात नेली. पॅरिसहून खास शर्ट शिवून आणणारा माणूस देशाला कंबर कसायला सांगत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपण त्यांना सहज भेट देऊ शकतो.

मॅकशॅरी १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये अर्थखाते सोडून ब्रसेल्सला युरोपचे शेतकी आयुक्त म्हणून गेले. तिथे त्यांनी १९९२ मध्ये जी सुधारणा केली ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याआधी युरोप शेतमालाला भाव बांधून देई, त्यामुळे लोण्याचे आणि मांसाचे डोंगर साठत. ऐंशी टक्के मदत वीस टक्के बड्या शेतकऱ्यांकडे जाते असा आयोगाचा हिशेब होता. भाव खाली आणायचे आणि शेतकऱ्याला थेट रक्कम द्यायची, असा बदल त्यांनी केला. हमीभाव की थेट खात्यात पैसे, हा वाद आपल्याकडे आता रंगतो. इथे तो गुरांच्या बाजारात वाढलेल्या माणसाने तीस वर्षांपूर्वी अंगावर घेतला, तोही शेतकरी संघटनांचा रोष पत्करून.

आपल्या घरचा दाखला

आयर्लंडनंतर चारच वर्षांनी, १९९१ मध्ये, भारतावरही अशीच पाळी आली. जुलैत रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने परदेशी गहाण पाठवले, आणि २४ जुलैला नरसिंह रावांच्या अल्पमतातल्या सरकारचे अंदाजपत्रक मनमोहन सिंगांनी मांडले. पण मला जास्त जवळचा वाटतो तो महाराष्ट्राचा दाखला. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमी तेव्हा राज्यभर नेली गेली. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. पगाराच्या चिठ्ठीवरची ती छोटी रक्कम आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिथेही पक्षापक्षांत या मुद्द्यावर एकमत होते, आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ मध्ये सगळ्या देशाने तो आदर्श घेतला.

दोन्हीकडे संकटात सर्वांनी भार वाटून घ्यायचे ठरवले. फरक भार कुठे टाकला यात आहे. महाराष्ट्रात ज्याच्याकडे पगार होता त्याने ज्याच्याकडे काम नव्हते त्याच्यासाठी दिले. आयर्लंडमध्ये संघटित कामगारांनी पगारवाढ सोडली हे खरे, पण कात्रीचा मोठा घाव रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्यांवर पडला. देश कोणत्या वाटेने सावरला हे 'सावरला' या शब्दात दिसत नाही. ते वेगळे विचारावे लागते.

आपण आणि ही गोष्ट

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयर्लंडची अर्थव्यवस्था अशी धावली की जग थक्क झाले. २००० नंतर याच देशाला परिचारिका कमी पडू लागल्या आणि त्या भारतातून व फिलिपिन्समधून आणल्या गेल्या. आपल्यातली किती घरे त्या भरतीमुळे इथे आली ते आपणच मोजावे.

धडा मात्र टिकला नाही. घरांच्या किमतींवर स्वार झालेला देश २००८ मध्ये कोसळला आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये नाणेनिधी व युरोपशी ८५ अब्ज युरोंच्या मदत-कार्यक्रमाचा करार करावा लागला. पुन्हा कात्री आली, पुन्हा तरुण मुले गेली, या खेपेला ऑस्ट्रेलियाला. आपल्याच रुग्णालयातले स्तनकर्करोगाचे उपचार २००९ मध्ये गॉलवेला हलवले गेले. त्या रागाने इथल्या दोन आमदारांनी सत्ताधारी संसदीय गट सोडला. हेझलवुडची शेडही तेच सांगते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक कोरियन कंपनी व्हिडिओ टेप बनवू लागली, गावाला हायसे वाटले, आणि टेपचे दिवस संपले तसा २००६ मध्ये तोही कारखाना बंद झाला. परत मिळालेली भाकरी कायमची नसते.

पुढचे संकट कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण तेव्हा कात्री कुठे लागावी हे ठरवताना आपला आवाज असावा. या देशात परगण्याच्या कौन्सिलसाठी मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. इथे राहणाऱ्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो हक्क आहे, फक्त मतदार यादीत नाव हवे. स्लायगो कौन्सिलवर अठरा सदस्य आहेत. जून २०२४ मध्ये निवडणूक झाली, पाच वर्षांच्या पाळीने पुढची २०२९ मध्ये आहे. मॅकशॅरींची सुरुवात अशाच कौन्सिलच्या खुर्चीतून झाली होती. आपले नाव यादीत आहे की नाही, एवढे या आठवड्यात प्रत्येक घराने पाहून घ्यावे.